एकतिसाव्या मिनिटातला हात

३ तारीख, सोमवार

चित्रपट घेतला! महोत्सवाचं पत्र सकाळी आलं. भाचीने फोनवर ओरडूनच सांगितलं. ती आनंदात असली की दोनाचे चार करते, म्हणून मी कात्रीला फोन लावला. तो म्हणाला, "खरं आहे, मी दोनदा वाचलं. एकवीस तारखेला संध्याकाळी पाचच्या आत पूर्ण चित्रपट पोचला पाहिजे. पाच म्हणजे पाच."

वही नवी आहे, तर एकदा लिहून ठेवतो. कात्री म्हणजे आमचा संकलक — चित्रं कापतो, जोडतो. दिग्दर्शिका माझी भाची. निवेदन माझं. तीस वर्षं वर्तमानपत्रात बातम्या मुदतीत बसवल्या, आता भाचीच्या बावन्न मिनिटांत वाक्यं बसवतो.

माहितीपट एका बाईवर आहे. घड्याळं दुरुस्त करते. आम्ही तिला घड्याळवाली म्हणतो, तीही फोनवर "मी घड्याळवाली" असंच सांगते. मनाचा आजार — काही महिने आभाळात, काही महिने अंथरुणात. दोन्ही सोसायला दारू. तीन वर्षं आम्ही तिच्या मागे आहोत. आज तिला दारू सोडून दोनशे चौऱ्याऐंशी दिवस झाले. हिशेब तिचाच.

पत्रात एक ओळ आहे — "हाताचं दृश्य विसरता येत नाही." ते एकतिसाव्या मिनिटाला येतं. तिचा उजवा हात, चिमट्यात इवलासा स्क्रू, आणि हात थरथरतोय. त्यावर माझं वाक्य : "घड्याळ तेच होतं. हात मात्र दारूने नेला होता."

संध्याकाळी हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "वाक्य फार छान आहे. म्हणूनच संशय येतो." लग्नापासून हे असंच!

५ तारीख, बुधवार

निवेदनातले चौदा शब्द कमी केले. "आजाराशी झुंज" हे आधी उडवलं. ती कुठे झुंजते? साडेनऊला गोळ्या घेते आणि झोपते.

भाचीने दोन मिनिटांची झलक सगळीकडे पाठवून दिली. सुरुवातच हाताने. माझ्या वाक्यासकट.

७ तारीख, शुक्रवार

भाचीचा एक नियम आहे. ज्या माणसावर चित्रपट, त्याला तो बाहेर पाठवण्याआधी पूर्ण दाखवायचा. संकलनाच्या खोलीत कात्रीच्या खुर्चीमागे तीन खुर्च्या. मधली त्याची. रिमोट त्याच्या हातात. त्याने थांबवलं की थांबलं, आणि आपण मधे बोलायचं नाही.

घड्याळवाली दुकानातून थेट आली. पर्स मांडीवर, रिमोट दोन्ही हातांत. पडद्यावर ती स्वतः — केस विस्कटलेले, डोळे चमकतायत, एका दुपारी घेतलेल्या अकरा छत्र्या सोफ्यावर मांडून दाखवतेय. आम्ही तिघं जमिनीकडे बघत बसलो. ती हसली! "अजून तीन आहेत हो घरात. कुणाला हव्यात?"

पुढे तिची बहीण कॅमेऱ्यासमोर म्हणते, "मी तिला मेलेलीच धरून चालले होते." मला वाटलं आता थांबवणार. नाही थांबवलं. नाक पुसलं, बघत राहिली.

एकतिसाव्या मिनिटाला थांबवलं.

"हे घड्याळ मी ओळखते," ती म्हणाली. "निळी तबकडी. शेजारच्या आजोबांचं आहे."

तिने पडद्यावरच्या टेबलाकडे बोट दाखवलं.

"हे मी घरी उघडलं होतं, जेवणाच्या टेबलावर. हा दारूतला हात नाही. तेव्हा दारू सोडून एकशे बारा दिवस झाले होते."

नियम भाचीनेच मोडला. "पण मग हात…"

"गोळ्यांनी. रात्रीच्या गोळ्या आहेत ना, डोकं ठिकाणावर ठेवणाऱ्या, त्यांनी थरथरतो. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं." मग माझ्याकडे वळली. "काका, दारूत माझा हात थरथरलाच नाही कधी कामावर. सकाळी दोन घोट पोटात गेले की दगड! सगळ्यांत बारीक काम मालक मलाच द्यायचे."

तिने रिमोट माझ्या हातात दिला. तिच्या हाताला किंचित थरथर होती.

ती गेल्यावर कात्रीने सांगून टाकलं. दारूच्या त्या चार महिन्यांत तिने कॅमेऱ्याला दारच उघडलं नव्हतं. चित्रपटाच्या मधोमध खड्डा. मग त्याने पुढच्या वर्षीचा हात उसना आणून तिथे भरला. "हात तिचाच होता, दादा. टेबल तिचंच. मला वाटलं, हाताला कुठे तारीख असते?"

मी मात्र त्याला कधी विचारलंच नव्हतं. चित्र दिसलं, वाक्य सुचलं. बातमीत असा हलगर्जीपणा केला असता तर घरी बसवलं असतं मला.

८ तारीख, शनिवार

दुपारच्या सुट्टीत घड्याळवाली संकलनाच्या खोलीत परत आली. पर्समधून रुमाल, रुमालात आजोबांचं घड्याळ.

"काल कात्रीदादा म्हणाले असतील, हाताला तारीख नसते."

कात्री लाल. तिला कसं कळलं?

"सगळेच म्हणतात. पण घड्याळाला असते." तिने मागचं झाकण उघडलं, भिंग माझ्या डोळ्याला लावून दिलं. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेली बारीक खूण. जो कारागीर घड्याळ उघडतो तो आपली खूण आणि तारीख आत कोरून ठेवतो — पुढच्या कारागिराला कळावं म्हणून. गिऱ्हाइकाला आयुष्यभर दिसत नाही. ही बाई तारखेऐवजी दिवस कोरते. ११२. आकडे वेडेवाकडे, दोनाची शेपटी भलतीकडेच गेलेली.

"चालतंय का?" मी विचारलं.

"चालायला काय झालं? दिवसाला चार सेकंद पुढे जातं. आजोबांनाच कुठे जायचंय घाईने."

"थरथरत्या हाताने कसं केलंस ग?"

"मनगट टेबलाला टेकवायचं. श्वास सोडायचा. थरथर येते नि जाते, काका, सारखी नसते. दोन थरथरींच्या मधे स्क्रू बसवायचा. तिप्पट वेळ लागतो, एवढंच."

मग खरं काय ते बोलली. दुकानात तिला सध्या फक्त पट्टे आणि सेल बदलायला ठेवलंय. घड्याळ उघडायचं नाही. एक तारखेपासून कामाचं टेबल परत देतो, असा मालकाने शब्द दिला होता. गुरुवारी त्याने झलक पाहिली. काल म्हणाला, "बघू."

म्हणजे माझ्या वाक्याने तिचं टेबल गेलं. छान वाक्य होतं!

९ तारीख, रविवार

भाचीशी वाजलं. चांगलंच.

ती म्हणते, "मामा, त्यांनी पत्रात तोच शॉट वाखाणलाय. तोच काढायचा?" मी म्हटलं, काढायचा नाही, त्याच्या दिवसावर ठेवायचा. "आणि खड्डा?" खड्डा खड्डाच राहू दे. "मामा, हे वर्तमानपत्र नाही!" मी म्हटलं, वर्तमानपत्रात आम्ही चूक पहिल्या पानावर करायचो आणि दुरुस्ती पाचव्या पानावर, तळाला, मुंगीच्या अक्षरात. निदान तुमच्याकडे तरी तसं नको.

ती चिडून उठली. चपला घालता घालता रडली. तीन वर्षं तिने या बाईच्या सोफ्यावर काढली आहेत, तिला काय मी सांगायचं? दारातून म्हणाली, "झलक आजच उतरवते. नवी टाकू, खाली चूक आपली म्हणून लिहू. मोठ्या अक्षरात! खूश?"

ही आतून म्हणाली, "पोरगी गुणाची आहे. तुझ्याच वळणावर गेली असती तर उद्या उतरवली असती."

११ तारीख, मंगळवार

भाची आणि मी दुकानात गेलो. अरुंद दुकान, तिन्ही भिंतींवर घड्याळं, प्रत्येकात वेगळी वेळ. मागे खिडकीपाशी तिचं टेबल — त्यावर सध्या मालकाचा डबा आणि जुने कॅटलॉग. घड्याळवाली पुढे एका मुलीच्या घड्याळाला पट्टा घालत होती. आमच्याकडे पाहिलं नाही.

मालक साठीचा, मऊ बोलणारा. मी सगळं नीट सांगितलं — चित्र पुढच्या वर्षीचं, वाक्य माझं, चूक आमची. ११२ आकड्याचंही सांगितलं.

त्याने ऐकून घेतलं. "चूक तुमची असेल हो. हात तिचाच ना?"

"हे बघा, मला तिचं वाईट करायचं नाही," तो म्हणाला. "पण लोक आजोबा-पणजोबांची घड्याळं विश्वासाने टाकून जातात. हात कशाने थरथरतो ते गिऱ्हाईक विचारत नाही. थरथरतो का, एवढंच बघतं."

भाचीला राहवलं नाही. "मग स्वतःच्या डोळ्यांनी बघा ना! तुमच्यासमोर उघडू दे तिला एक घड्याळ."

"ठीक आहे," मालक म्हणाला. "वीस तारखेला. दुकान उघडायच्या आधी."

घड्याळवालीने पट्ट्याची पिन बसवली, मुलीला घड्याळ दिलं, आणि मान न वळवता म्हणाली, "चालेल."

बाहेर आल्यावर भाची खूश. "झालं की काम, मामा!" मलाही वाटलं, झालं. पट्ट्याची पिन तिला तीनदा बसवावी लागली, ते मी पाहिलं होतं. भाचीला सांगितलं नाही.

१२ तारीख, बुधवार

एकतिसावं मिनिट नव्याने लिहिलं. "चार महिने तिने दार उघडलं नाही. आत काय झालं ते आम्हाला माहीत नाही." बस्स.

हात आता चव्वेचाळिसाव्या मिनिटाला. "एकशे बारावा दिवस. औषधाने हात थरथरतो आहे. घड्याळ दुरुस्त झालं." हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "हं." म्हणजे पास.

१४ तारीख, शुक्रवार

कात्रीने खड्ड्यात बंद दार लावलं. तिचंच दार, आमच्या छायाचित्रकाराने एका सकाळी बाहेर वाट बघताना सहज टिपलेलं. चाळीस सेकंद. पायपुसणं, दुधाच्या दोन पिशव्या तशाच पडलेल्या, आतून रेडिओचा आवाज. बाकी काही घडत नाही. बघवत नाही.

भाचीने ते पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाली, "हाताचं आम्हाला उगीच कौतुक."

१५ तारीख, शनिवार

सकाळी सहाला घड्याळवालीचा फोन! मी दात घासत होतो. आवाज एकदम ताजातवाना. "काका, हात बघायला या! थरथर गेली. पार गेली! चहाचा कप बशीत ठेवला, आवाज नाही!"

मी म्हटलं, वा! तशीच तोंडात फेस घेऊन.

पंधरा मिनिटं बोलली. बायकांसाठी घड्याळदुरुस्तीचे वर्ग काढणार आहे. जुन्या बाजारातून भिंतीवरची चार घड्याळं आणली आहेत, शिकवायला. चित्रपटाला नाव सुचवलं, मग दुसरं, मग दोन्ही रद्द. तिला इतकं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. बरं वाटलं. आपण केलेली नासाडी भरून निघतेय असं वाटलं.

१७ तारीख, सोमवार

आज पुन्हा फोन, पावणेसहाला. हीच बोलली तिच्याशी. फोन ठेवून मला म्हणाली, "पूर्वी एवढी बोलायची का रे ती?"

म्हटलं, आनंदात आहे.

"असेल," ही म्हणाली आणि कणीक मळायला गेली. जाता जाता, "मला श्वास घेऊ देईना."

१८ तारीख, मंगळवार

निवेदन ध्वनिमुद्रित झालं. माझाच आवाज. "आम्हाला माहीत नाही" हे वाक्य सात वेळा म्हणावं लागलं. ध्वनिमुद्रक म्हणाला, "काका, जरा अपराधी वाटतंय, साधं म्हणा." साधं म्हणणंच जमेना.

२० तारीख, गुरुवार

आठला दुकानात. शटर अर्धं वर. कॅमेरा मालकाच्या परवानगीने. टेबल पुसून ठेवलेलं, डबा हलवलेला.

ती आली ती जवळजवळ पळतच. नवी साडी. मालकाला म्हणाली, "द्या, अवघडातलं अवघड द्या! सोपं दिलंत तर रागवेन." तो हसला. एक जुनं बायकी घड्याळ दिलं, नखाएवढं.

भिंग डोळ्याला. झाकण काढलं. चिमट्याने बॅलन्सचं, घड्याळाचा ठोका सांभाळणारं चाक उचललं — केसाएवढी त्याची स्प्रिंग. हात हलला नाही. चाक काढलं, पुसलं, परत बसवलं. मनगट टेबलाला टेकवलंसुद्धा नाही! अकरा मिनिटांत झालं. शेवटी सुई घेऊन झाकणात दिवस कोरला. ३०१. टक टक टक, छापल्यासारखा.

घड्याळ चालू झालं. मालकाने ते कानाला लावलं, डोळे मिटले, आणि म्हणाला, "एक तारीख कशाला? सोमवारीच बस."

भाचीने मला मिठी मारली. कात्री कॅमेऱ्यामागून कुजबुजला, "दादा, शेवट मिळाला." मालकाने सगळ्यांना चहा मागवला. घड्याळवालीने चहाचे पाच कप बशीत ठेवून दाखवले, एकेक करून, आवाज नाही. मग पुन्हा दाखवले. टाळ्या!

रात्रीत बसवून उद्या दुपारी पाठवायचं ठरलं. निवेदनाचं शेवटचं वाक्य मी बसमध्येच लिहिलं : "तीनशे एकावा दिवस. हात स्थिर आहे."

२१ तारीख, शुक्रवार

सकाळी नऊला कात्रीच्या खोलीत. त्याने दोन्ही झाकणं पडद्यावर शेजारी शेजारी आणली. डावीकडे ११२, वेडावाकडा. उजवीकडे ३०१, छापल्यासारखा. कात्री म्हणाला, "काय फरक पडला ना!" मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि तिचंच बोलणं आठवलं. दोन घोट पोटात गेले की दगड.

फोन लावला. म्हटलं, बाळा, खरं सांग, पितेस?

"नाही हो काका! तुमची शपथ. तीनशे दोन."

"मग गोळ्या?"

ती आठवडाभरात पहिल्यांदाच गप्प झाली.

"बारा तारखेपासून नाही घेतल्या," ती म्हणाली. "तुम्ही दुकानात येऊन गेलात ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. हात स्थिर हवा होता ना सगळ्यांना." मग एकदम, "काका, मला चार दिवस झोप नाही."

भाचीने महोत्सवाला कळवलं : आज येणार नाही, केव्हा येईल ते सांगता येत नाही. कॅमेरा कपाटात ठेवला. मालकाला मी फोन केला. तो म्हणाला, "टेबल कुठे पळून जात नाही. गाडी आहे माझी, मीच नेतो तिला डॉक्टरांकडे." बहिणीला भाचीने सांगितलं, ती निघाली आहे, तोवर माझी ही तिच्या घरी जाऊन बसली आहे. डॉक्टरीणबाईंना दवाखान्यात फोन लावला. म्हणाल्या, "मनाने सोडायच्या गोळ्या नव्हेत त्या. आजच आणा. चारला मी वाट बघते."

घड्याळवाली येते म्हणाली आहे. साडेतीनला, अकरातली एक छत्री घेऊन खाली उभी राहणार आहे. "ऊन असलं तरी उघडून धरते, म्हणजे लांबून दिसेन."